गोळीबंदीचा आठवडा

डॉक्टरीणबाईंनी बाबांचा गुडघा वाकवला तेव्हा आतून असा आवाज आला, जसा कुणी रेतीवर बूट घासावा. बाबा ओरडले नाहीत. मान तिरकी करून म्हणाले, "काय बाई, पोकळ वाजतोय का?"

बाईंना विनोद कळला नाही. भिंगरीला कळला. बाबा फरशी बसवायचे, आणि बसवलेली एकेक फरशी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघायची त्यांची खोडच होती. पोकळ वाजली की काढायची, पुन्हा बसवायची. मालक आत असो नाहीतर बाहेर. उभा जन्म लोकांच्या घरात गुडघे टेकण्यात गेला होता त्यांचा.

भिंगरी त्यांची पोरगी. कागदावर नाव दुसरं होतं, पण एका जागी बूड टेकवेल तर शपथ, म्हणून घरात हेच पडलं. शाळेतही नाही टिकली. मास्तरांशी वाजलं तशी दप्तर बाकावर टाकून उठून आली ती आलीच. आईनं चार दिवस डोकं आपटलं, मग म्हणाली, जा बापाबरोबर, निदान माझ्या डोळ्यांसमोर फिरू नकोस. तेव्हापासून माल कालवणं, फरशी कापणं, सांधे भरणं, पुसणं, सगळं भिंगरी करायची. हात चांगला होता. डोकं तेवढं तापट.

त्या डोक्यानंच घात केला होता. एका घरी न्हाणीघराचा कोपरा बाबांनी तिच्यावर सोडला. घरमालक दारात उभा राहून म्हणाला, "पोरीकडून करून घेताय? बघा हं." झालं. भिंगरीचं टाळकं सटकलं. लेव्हल लावली नाही, उतार बघितला नाही, दणादण फरश्या दाबल्या आणि हात झटकून उठली. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तर ते जाळीकडे जायचं सोडून थेट दाराकडे आलं, पाहुण्यासारखं. बाबांनी छिन्नी घेतली, सगळं फोडलं आणि तिथंच ओल्यात गुडघ्यावर बसून नव्यानं केलं. संध्याकाळी उठता येईना. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता.

आता बाई सांगत होत्या की हे एका दिवसाचं दुखणं नाही, वर्षानुवर्षांची झीज आहे. भिंगरीनं मान डोलावली. पण ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते दाराकडे येणारं पाणीच होतं.

इंजेक्शनचं खूळ तिनंच काढलं होतं. मोबाईलवर बघितलं, एक म्हातारा इंजेक्शन घेऊन जिना पळत चढतो. "हे द्या की," ती बाईंना म्हणाली. "गुडघा नवा करतात ते."

"नवा कुणी करत नाही," बाई म्हणाल्या. "झिजलेली गादी परत उगवत नाही. जिना चढणारा तो म्हातारा विसर. यात काय करतात, तर ह्यांचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, त्यातला दुरुस्तीच्या कामाचा भाग वेगळा करायचा आणि गुडघ्यात सोडायचा. कुणाचं दुखणं काही महिने कमी होतं, कुणाचं वर्षभर, कुणाला कवडीचा फरक पडत नाही. ह्यांची झीज अजून मधल्या टप्प्यावर आहे, म्हणून करून बघायला हरकत नाही. पण व्यायाम सुटणार नाही, आणि जमिनीवर बसणं कमी करावंच लागेल."

"म्हणजे माल आमचाच," बाबा म्हणाले, "आणि मजुरी तुमची."

ह्यावेळी बाई हसल्या.

घरी आईनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "स्वतःचंच रक्त काढून स्वतःलाच परत द्यायचं? मग काढायचं तरी कशाला?"

"तुला नाही कळायचं," भिंगरी म्हणाली.

"तुला लई कळतं. शाळा सोडून डॉक्टरच झालीस ना."

बाबा दोघींकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना सहज म्हणाले, "भिंगरी म्हणतेय तर करू या." एवढंच. आता फरक पडला नाही तर तेही तिच्याच खात्यावर.

बाईंनी एक अट घातली होती. इंजेक्शनच्या आधी आठवडाभर आणि नंतरही काही दिवस ती नेहमीची दुखण्याची गोळी बंद. "ती गोळी सूज दाबते," त्यांनी समजावलं. "आपल्याला तर शरीराचे दुरुस्तीवाले कामावर हवेत. गोळी त्यांनाच घरी पाठवते. फारच दुखलं तर ही तापाची साधी गोळी घ्या, बर्फ लावा, पण ती नको."

बाबा ती गोळी रोज सकाळी चहाबरोबर घ्यायचे. तिच्यावरच गुडघा चालायचा. साधी गोळी म्हणजे खड्ड्यात चिमूटभर सिमेंट. पहिल्या दिवशी कसंबसं निभावलं. दुसऱ्या दिवशी बाबा बुटक्या स्टुलावर बसून फरशी लावायला लागले. वाकताना "आई गं", उठताना "अगं आई", मध्ये नुसतंच "हं... हं...". एका नव्या घराचा मोठा दिवाणखाना होता, आणि त्या घरातली माणसं सामान घेऊन राहायला यायची होती. काम इंचाइंचानं सरकत होतं. भिंगरी माल कालवायची, माल वाळायचा, पुन्हा कालवायची. आणि कानात ते कण्हणं.

"कण्हू नका ना!" ती ओरडली. "डोकं उठलंय माझं!"

बाबांनी ओठ दाबून धरले आणि पुढची फरशी उचलली. त्यानंतर दिवसभर आवाज नाही काढला. ते तर त्याहून वाईट होतं. कपाळावरचा घाम ओघळून फरशीवर टप टप पडत होता आणि ते तो बाहीनं पुसत होते, डाग पडू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना भिंगरीनं ती गोळी चमच्याखाली चिरडली आणि बाबांच्या कपात ढवळली. एकदाच, असं मनाशी म्हणाली. आजचा दिवस जाऊ दे. बाबांची दया आली होती हे खरं. आणि तो दिवाणखाना एकदाचा संपावा, हेही तेवढंच खरं. कुठलं किती, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

बाबांनी चहा घेतला. "कडू का लागतोय गं?"

"पावडर जास्त पडली."

दुपारपर्यंत बाबा ताठ झाले. स्टूल बाजूला सरकवलं. शीळसुद्धा घातली. संध्याकाळी आईला म्हणाले, "बघ, गोळी सोडली तर गुडघा बरा झाला! सवय लावून घेतली होती नुसती. शरीर हट्टी असतं, त्याला दटावावं लागतं." रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला तर दाढी होईपर्यंत ऐकवलं. "बिनगोळीचा चालतोय, बिनगोळीचा! इंजेक्शनचं नाव ऐकूनच गुडघा वठणीवर आला."

न्हावी म्हणाला, "तुमच्या वयाला एवढी धमक कुणात नाही हो."

भिंगरी बाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. कानशिलं तापली. उद्या नाही टाकायची, तिनं ठरवलं. पण उद्या गोळी नाही टाकली, तर बाबांची ही सगळी ऐट खाली येणार. मग उद्याही टाकली. परवाही. रोज गोळी चिरडताना चमचा ओट्यावर वाजायचा आणि ती दचकून मागं बघायची. दिवाणखाना संपला. बाबांनी सगळ्या फरश्या ठोकून बघितल्या, खुशीत. "एकही पोकळ नाही," म्हणाले, आणि पोरीच्या डोक्यावर टपली मारली. ती टपली तिला थपडेसारखी लागली.

इंजेक्शनच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. दवाखान्यात नर्सनं दंडाला रबरी पट्टा बांधला, सुई काढली. बाई हात धुऊन आल्या. "आठवडाभरात दुखण्याची गोळी नाही ना घेतली?"

"एकही नाही!" बाबांनी छाती काढली. "विचारा हिला. ही साक्षीदार आहे."

बाईंनी सहज भिंगरीकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की रक्त निघणार, फिरणार, गुडघ्यात जाणार. फरक नाही पडला तर कुणाला नाही पडत फरक, असं बाईच म्हणाल्या होत्या. कुणाला कळणारही नाही. बाबा तिच्याकडे हसून बघत होते, पुढचे दोन दात पडलेलं ते हसू.

"घेतलीय," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"त्यांनी नाही. मी दिली. चहातून. रोज."

नर्सची सुई हवेतच राहिली. बाईंनी स्वतः पुढं होऊन पट्टा सोडला. "आज नाही होणार," त्या म्हणाल्या, आणि मग भिंगरीकडे वळून, आवाज न चढवता, "माणसाला न सांगता औषध पाजायचं? पोटाला काही झालं असतं तर मी कुठं शोधत बसले असते? आजपासून पुन्हा आठवडा. गोळी बंद म्हणजे बंद. आणि काम नाही, घरी आराम."

बाबा सदऱ्याची बाही खाली ओढत होते. बटण लागेना. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तो गोळीवरच चालत होता?"

नर्सनं सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"न्हाव्याला सांगितलं ना मी," बाबा म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भिंगरीनं नेहमीसारखा खांदा पुढं केला. बाबांनी कठडा धरला. बसमध्ये खिडकीकडे तोंड. "बाबा, शिव्या द्या," ती म्हणाली. "दोन ठेवून द्या वाटल्यास." ते बाहेरची दुकानं बघत राहिले. न्हाव्याचं दुकान आलं तेव्हा मात्र मान वळवून समोर बघायला लागले.

घरी आईनं दारातच विचारलं, "झालं?"

भिंगरीनं तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "नाही. मशीन बिघडलं होतं. पुढच्या आठवड्यात."

"मेलं ह्यांचं मशीन," आई म्हणाली आणि आत गेली.

भिंगरीला वाटलं, त्यापेक्षा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईनं आकाशपाताळ एक केलं असतं, ओरडली असती, मग संपलं असतं. हे आता असंच आत राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा परत दगड झाला होता. बाबा खाटेवर पाय लांब करून बसले होते, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. भिंगरीनं चहा केला, कप त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला नाही.

"आधी तू पी," ते म्हणाले.

आई कपडे वाळत घालता घालता हसली. "लेकीचे लाड बघा!"

भिंगरीचा चेहरा लालेलाल झाला. तिनं घोट घेतला. चहा उकळता होता, जीभ पोळली, तरी गिळला. अजून एक घेतला, मोठा. मग कप पुढं केला. बाबांनी तो घेतला, तिच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि प्यायले. पाय सरळ करताना त्यांच्या गळ्यात आवाज आला आणि त्यांनी तो ओठांतच दाबला.

"बाबा, दाबू नका," ती म्हणाली. "मोठ्यानं कण्हा."

"कण्हणारच," बाबा म्हणाले. "घर माझं, गुडघा माझा. सगळा आठवडा कण्हणार. बस इथं ऐकत."

भिंगरी बसली.