अर्ध्या नेसणीत

आमच्या सुनेला, सुप्रजाला, दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं सुचत नाही. मागं तिरुवलंचुळीहून माझी नणंद भर उन्हातून आली, तर ही फोनमध्ये डोकं घालून बसलेली. का, तर हिच्या वेबसाइटवर कुणी आलंय का ते बघत होती. तिथं कुणी आलं नव्हतं. नणंद आली होती.

वेबसाइट म्हणजे फोनमधलं दुकान. त्यात ही शिवलेल्या नऊवारी साड्या विकते. आमच्या तंजावरी मराठी घरांत लग्नाला नऊवारी लागते, आणि आताच्या पोरींना ती नेसता येत नाही. म्हणून निऱ्या, कासोटा सगळं मशिनवर टाचलेलं, कमरेला इलॅस्टिक. चड्डीसारखे पाय घालायचे की झालं. साडीला कात्री लावायची नाही, एवढी अट मी घातली. बाकी तिची मर्जी.

दुकान चाललं नाही तर आडीचा अशुभ महिना संपताच चेन्नईला बिऱ्हाड करायचं, असं माझ्या मुलानं, शशांकनं, सांगून टाकलं होतं. खुशाल जा, म्हणाले मी. त्या दिवशी कॉफीचा फिल्टर माझ्या हातून पडला, तो काही त्यामुळं नाही.

मग एकदा सुप्रजा पुढ्यात येऊन उभी राहिली. "अम्मा, तुम्ही नेसून दाखवाल का? व्हिडिओ घालते. लोक येतील."

"माझं नेसणं बघायला?"

"अर्ध्यात थांबायचं. निऱ्या झाल्या की मी म्हणेन, बघा किती कटकट, त्यापेक्षा आमची शिवलेली घ्या."

मी निऱ्या घातल्या. ती म्हणाली, थांबा. अर्ध्या नेसणीत उभी राहायला मी काय कापडाच्या दुकानातली बाहुली आहे? कासोटा मागं नेऊन खोचला, पदर घेतला, शिवाय व्हिडिओ बघणाऱ्या पोरींनाही सुनावलं, की पोट आत घ्या, निरीला घाई नको, आणि आरशात काय बघताय, हाताकडं बघा. सुप्रजानं रागारागानं ते सगळं तसंच वेबसाइटवर घातलं.

लोक आले, जत्रेला यावेत तसे. सेलमच्या, बेंगळुरूच्या पोरी मला अव्वा, म्हणजे आजी, म्हणून लिहायला लागल्या, तुमचं बघून आम्ही नेसलो, आता शिवलेली नको. शिवलेली एकही खपली नाही. सून माझ्याशी बोलेना. शशांक फोनवर चेन्नईतली घरं बघू लागला.

शेवटी मीच विचारलं, "आणखी काय लिहितात?"

"एवढी लांब साडी कुठं मिळेल म्हणतात. तिकडं सहावारीच मिळते. मी उत्तर दिलं नाही. नुसतं कापड कुणीही विकेल, अम्मा. मी शिवणारी आहे."

मी कपाट उघडून न खपलेल्या शिवलेल्या साड्यांचा ढीग तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नणंदेला पाणी विचारलं नाहीस, तसंच या पोरींनाही दारात उभं केलंयस. ह्या सगळ्या उसव. कात्री लागलेली नाही, टाक्यांची भोकं निऱ्यांत जातील. उसवलेली आहे हे सांगूनच वीक. आणि शशांकला म्हणावं, घर बघणं पुरे. मला चष्मा लावूनही टाका दिसत नाही, उसवायला तू इथंच लागशील."