धाकटीच्या हातचे सर

"नको, सर."

सरांचा अंगठा ओल्या मातीपासून वीतभर अंतरावर थांबला. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"काय म्हणालीस?"

"हात लावू नका. झालंय ते."

बोलून गेल्यावर धाकटीलाच घाम फुटला. सरांना नाही म्हणायची तिला सवय नव्हती. खरं तर कुणालाच नाही म्हणायची नव्हती.

कॉलेजात शिल्पकलेच्या वर्गात ती सगळ्यात लहान, म्हणून सर तिला धाकटी म्हणू लागले आणि मग सगळेच. आता केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, मुलाच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तरी शिल्पकारांमध्ये ती धाकटीच राहिली. मुखवटा असो की पुतळा, साचा घ्यायच्या आधी ती सरांना बोलावणं धाडायची. सर यायचे, डोळे बारीक करून मातीभोवती फेरी मारायचे आणि कुठेतरी, गालाच्या हाडाखाली नाहीतर कपाळाच्या कडेला, अंगठा दाबायचे. "आता झालं," म्हणायचे. मग त्या पुतळ्याला बक्षीस मिळो की वर्तमानपत्रात कौतुक छापून येवो, धाकटीला एकच वाटे, हे त्या अंगठ्याचं. आपण नुसती माती थापणारी. लोक तिचे हात हातात घेऊन वाखाणत आणि ती ते हळूच सोडवून घेई. आज ना उद्या पितळ उघडं पडणार.

"तू डॉक्टर झाली असतीस ना," नवरा चिडवायचा, "तरी म्हणाली असतीस, पेशंट आपला आपणच बरा झाला."

कॉलेजच्या दर्शनी दालनात सरांचाच अर्धपुतळा बसवायचं ठरलं, तेव्हा तिचं नाव सरांनीच सुचवलं. रोज सकाळी ते तिच्या कार्यशाळेत येऊन खुर्चीवर बसत. हनुवटी वर, ओठ घट्ट, नजर खिडकीबाहेर दूर कुठेतरी. धाकटी तसंच करत गेली. पण एकदा बादलीत फडकं भिजवायला वाकली असताना तिने सहज मान वळवली. सर तिच्या पाठीमागून मातीकडे बघत होते. खालचा ओठ सैल पडला होता आणि भुवया मधोमध उचलल्या गेल्या होत्या. वर्गात उत्तर देऊन झालेलं पोर बाई काय म्हणतात याची वाट बघतं, तसे ते दिसत होते.

तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. इतकी वर्षं ती सरांच्या हाताकडे बघत आली होती, चेहऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं. आणि हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पुतळा उघडायच्या दिवशी सकाळी आरशात तिला हाच दिसायचा.

तिने माती कापायची तार घेतली आणि ती ताठ हनुवटी सपकन कापून काढली. मग नव्याने लिंपायला बसली. सर बसायला येत राहिले, पण तिने त्यांना मधे काही दाखवलं नाही. हात भराभर चालत होते आणि कुणाला काही विचारत नव्हते.

आणि आज सर ते बघत होते.

"हा घाबरट म्हातारा कोण?"

"तुम्ही आहात, सर."

"मी असा कधी दिसलो तुला?"

"रोज. मी बादलीकडे वळले की."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं. अखेर ती सुरू झाली आणि निघूनही गेली.

"हनुवटी वर घे. ओठ मिटव. दोन बोटांचं काम आहे, सरक बाजूला."

"नाही सरकणार."

"पोरी, मी शिकवलंय तुला."

"हो ना. दिसतं ते कर, असंच शिकवलंत. मला हे दिसलं."

"मी नसतो तर तुझ्या एका तरी पुतळ्याला..."

पुढचं धाकटीला पाठ होतं. हेच वाक्य ती इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून आलं, तेव्हा वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

"तेही एकदा कळू दे, सर," ती म्हणाली. "वाईट झाला असेल, तर माझा वाईट झाला."

सरांनी काठी उचलली. तिने केलेला चहा तसाच ठेवून ते पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळी पुतळा समितीच्या सचिवांचा फोन आला. "बाई, सर फार नाराज आहेत हो. एवढंसं तर आहे, टाका ना करून. नुसती हनुवटी तर आहे."

"नुसती हनुवटीच आहे, तर राहू द्या ना."

"मग काम दुसऱ्याला द्यावं लागेल आम्हाला."

"द्या."

फोन ठेवला तसा नवरा म्हणाला, "अगं, जरा विचार तरी..."

"केला."

म्हणाली खरी, पण फोनपाशीच उभी राहिली. सर आता परत येणार नाहीत, हे तिला कळत होतं. त्याच्यामागोमाग ती नेहमीची धास्ती येईल, म्हणून ती वाट बघत बसली. हत्यारं धुऊन झाली, ओटा पुसून झाला. धास्ती काही आली नाही.

काही दिवसांनी भर दुपारी काकू आल्या, सरांच्या पत्नी. "त्यांना सांगून नाही आले," दारातच म्हणाल्या. धाकटीने ओलं फडकं बाजूला केलं. काकू उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय, काकू?"

"स्वतः केलेला पुतळा उघडायच्या दिवशी सकाळपासून उलट्या व्हायच्या यांना. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरूनच गेले. म्हणायचे, आज सगळ्यांना कळणार. काय कळणार, ते मात्र सांगायचे नाहीत."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कसे बोलतील? तुझ्याकडून आले की तर बरे असायचे. दोन घास जास्त जायचे त्या दिवशी."

धाकटीने तोंड फिरवलं. त्या अंगठ्याची गरज आपल्याला एकटीलाच आहे असं ती समजून चालली होती.

"थोडंसं वर घे गं," काकू हळूच म्हणाल्या. "चारचौघांत नको असे दिसायला."

धाकटीचा हात मातीवर गेला. ओठाच्या कडेशी बोट टेकलंही. नुसतं दाबलं असतं तर सर परत आले असते, काकू हसल्या असत्या, सगळं पहिल्यासारखं झालं असतं. तिने बोट काढून घेतलं.

"तुम्ही म्हणाल ते ऐकेन, काकू. हे नाही."

"मग ते यायचे नाहीत."

"माहीत आहे."

काकू उठल्या. फडकं बादलीत बुडवून त्यांनी पिळलं आणि स्वतःच्या हाताने त्या मातीच्या डोक्यावर नीट पांघरलं.

कॉलेजच्या दालनात दुसऱ्याने केलेला पुतळा बसला. जबडा भक्कम, नजर करारी. वर्तमानपत्रात फोटो आला, पुतळ्याशेजारी सर हात जोडून उभे. धाकटीने तो निरखून पाहिला. मान चांगली साधली होती, ते तिने नवऱ्याला सांगितलंही.

मग तिने आपल्या मातीचा साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, छिन्नीने साचा फोडून सरांना बाहेर काढलं आणि वार्षिक प्रदर्शनासाठी निघाली. दोघा नवराबायकोंनी चादरीत गुंडाळलेलं ते ओझं धापा टाकत जिन्यावरून वर नेलं.

"डोकं कुणाचं?" नोंदणीच्या टेबलामागचा कारकून मान वर न करता म्हणाला.

"माझं," धाकटी म्हणाली.

नवरा खोकला. कारकुनाने मान वर केली. "तसं नाही, बाई. चेहरा कुणाचा?"

धाकटीने चादर सोडली. दोन्ही हातांनी धरून सरांना टेबलावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा दाराच्या बाजूला वळवला.

"माझ्या सरांचा," ती म्हणाली. "येणाऱ्याला दिसेल असा लावा."