वाळूचा ढीग आणि एक तिकीट

हे सांगितलं तर कुणाच्या बापाला पटणार नाही, अशी छाती फुगवूनच सुडलै तातांनी सुरुवात केली. पण पटवणं तर भाग होतं. नात तेन्मोळीकडे रविवारच्या सिनेमाचं एकच जास्तीचं तिकीट होतं, तेही तिरुनेलवेलीच्या गारेगार थेटरातलं, आणि दावेदार दोन: ताता आणि त्यांची धाकटी बहीण पेच्ची. लहानपणीच्या सिनेमाची गोष्ट सांगा, पण थाप पकडली गेली की तिकीट पेच्चीपाट्टीचं, असं तेन्मोळीनं बजावलं होतं. पेच्ची समोरच शेंगा फोडत बसलेली. साक्षीदारही तीच.

तर गावच्या सिनेमाच्या तंबूत जमिनीच्या तिकिटाला बसायला वाळू. पुढच्याचं डोकं आड आलं की पोरं बुडाखाली वाळू ओढून उंच व्हायची. मग मागची त्याहून उंच. त्या दिवशी तातांच्या पुढ्यात पोस्टमनची बायको बसली, अंबाडा आणि वर हातभर गजरा. तातांनी ढीग केला. तिनंही केला. ताता नदीवर जाऊन टोपल्या भरून आले. मध्यंतरापर्यंत ढीग इतका वाढला की चहावाला वर चढेना. त्याच्यासाठी दोर सोडावा लागला.

तेन्मोळीनं पाट्टीकडे पाहिलं.

"होता ना दोर," पेच्ची म्हणाली. "काथ्याचा."

मग काय, ताता सुटलेच. त्यांची सावली थेट पडद्यावर पडली. तलवार चालवता चालवता नायक थांबला आणि म्हणाला, तंबी, लहान भावा, जरा खाली बस की. ताता बसतायत तोच खलनायकानं मागून भाला उचलला. तातांनी ओंजळभर वाळू नेमकी त्याच्या डोळ्यांत फेकली. उरलेलं काम नायकानं उरकलं. पुढे आठ दिवस, प्रत्येक खेळाला, त्या खलनायकाचे डोळे लाल. सिनेमा काळा-पांढरा असूनही.

तेन्मोळी हसून हसून कलंडली. "पाट्टी, हे तरी?"

"लालभडक. मी पाहिलेत."

तिकीट आता जवळजवळ तातांच्या खिशात होतं. तिथंच थांबले असते तर रविवार त्यांचा होता. पण बहिणीनं एवढी साथ दिलेली बघून त्यांना भरून आलं.

"मग त्या आनंदात मी माझा चकलीसारखा मुरुक्कू मोडला," ते म्हणाले, "आणि मोठा तुकडा पेच्चीला दिला."

शेंग फोडणारा हात थांबला.

"खोटं," पेच्ची म्हणाली. "चुरासुद्धा दिला नाहीस, अण्णा. आण गं पोरी ते तिकीट."