मैदानातल्या खांबाने पाहिलेली माफी

मी एक जुना खांब आहे. विजेचा नव्हे, मांडवाचाही नव्हे, खो-खोचा. बऱ्हाणपुरात राजघाटाकडे जाताना एक उघडं मैदान लागतं, तिथे मी आणि माझा जोडीदार समोरासमोर उभे आहोत. तो जरा तापीकडे कलला आहे, मी अजून ताठ आहे. याचा मला थोडा गर्वही आहे, तो पोटात घाला.

मित्रांनो, मूळचा मी खकनारच्या जंगलातला साग. इतवाऱ्यातल्या धोंडू सुताराने मला रंधा मारला. खेळणाऱ्या पोरांच्या हाताला काही टोचता कामा नये, म्हणून तो माझ्यावरून आपलाच गाल फिरवून बघायचा. मग मला इथे पुरलं आणि माझं आयुष्य सुरू झालं. आमच्या खेळात आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी धावते आणि बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणते. तशी ती उठून पळते आणि ही तिच्या जागी बसते. ओळीच्या टोकाला मी. मला धरून वळायचं, मला धरून सूर मारायचा.

मध्ये माझे वाईट दिवसही आले. खेळणारे पांगले, मैदानात गवत माजलं. कोणी मला शेळ्या बांधल्या. दगा नावाच्या चहावाल्याने दोरी बांधून फडकी वाळत घातली. सागाचा जन्म घेऊन फडक्यांची राखण करायची, याहून वाईट ते काय? पण खेळ शिकवणारे योगेंद्र सर आले. त्यांनी गवत उपटलं, मला तेल चोळलं आणि मुलींचा संघ उभा केला. तेव्हापासून खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळतो.

त्या मुलींमध्ये वैजयंती माझी लाडकी. केळीवाल्या देवरामची लेक. एका हाताने मला धरून ती असा सूर मारायची की पुढची मान वळवेपर्यंत बाद! लाडक्या पोरीबद्दल वाईट सांगायचं जिवावर येतं, पण सांगतो.

वैजयंती नववीत असताना तुकईथड गावाहून ज्योत्स्ना नावाची मुलगी शिकायला म्हणून मावशीकडे राहायला आली. पहिल्याच दिवशी अनवाणी धावली आणि वैजयंतीच्या पुढे गेली. वैजयंतीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, होतं असं, चार दिवसांत गट्टी जमेल. आणि जमलीही, असं मला वाटत होतं. दोघी शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींना खो द्यायच्या.

अशी काही वर्षं गेली. या हिवाळ्यात दोघींची राज्याच्या संघात निवड झाली. गावभर फोनवरून अभिनंदन सुरू झालं. दोन नावं एकत्र वाचून कुणाला तरी काहीतरी आठवलं, आणि त्याने वैजयंतीची नववीतली एक पोस्ट उकरून काढली. झालं होतं असं : ज्योत्स्नाने तेव्हा हौसेने दिवाळीचा एक फोटो टाकला होता. तिची माय अंगण सारवते आहे आणि ही शेजारी बादली घेऊन उभी आहे. वैजयंतीने तोच फोटो उचलून खाली काहीतरी लिहिलं होतं. काय, ते माझ्या पायथ्याशी कोणी मोठ्याने बोलेना. जो तो म्हणे, "तसलंच घाण काहीतरी." मला वाचता येत नाही. मी लाकूड.

मैदानावर माणसं जमू लागली. मोबाईल दुरुस्तीवाला गोटू म्हणाला, "निकालो उसको सर! आपल्या बऱ्हाणपूरचं नाव खराब करून राहिली ती."

वैजयंतीची आत्या अलका कमरेला पदर खोचून आली. "नववीत होती पोर! नववीत कोनाले अक्कल असते? तुले तरी होती का रे?"

गोटूचं बोलणं ऐकलं की ते खरं वाटे, अलकाबाईंचं ऐकलं की ते. मला मान असती तर इकडून तिकडे वळून दुखली असती. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. भांडायला आलेला प्रत्येक जण आधी खिशातून फोन काढून शेजारच्याला तो फोटो दाखवायचा. ज्योत्स्नाच्या बाजूने भांडणाराही तिच्या मायचा फोटो नाचवूनच भांडायचा. आणि ज्योत्स्ना पलीकडच्या खांबाजवळ एकटी बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असायची.

ही ओरड निवड समितीपर्यंत गेली. त्यांनी सरांना कळवलं, मुलगी तुमच्या संघातली, तुम्हीच ठरवा. पाठवायची की नाही ते सांगा. सर माणूस देवासारखा, पण गावाची खोड त्यांनाही आहे. आमच्याकडे काही घडो की बिघडो, सत्कार करतात. रस्ता झाला की शाल, रस्ता होणार म्हणून शाल, रस्ता राहिला तरी आश्वासनाची शाल! सरांनी टेबल मांडलं, खुर्च्या मांडल्या, 'जाहीर दिलगिरी व सत्कार समारंभ' असं मोठ्याने वाचत फलक माझ्या गळ्यात बांधला आणि ज्योत्स्नाच्या मायला, कोकिळाबाईंना, तुकईथडहून बोलावून घेतलं.

रडून डोळे सुजलेली वैजयंती शाल घेऊन पुढे आली. सगळ्यांचे फोन वर झाले. कोकिळाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब बाई. शाल कायले? मी काय केलं?"

"मावशी, हिची चूक झाली," सर म्हणाले. "तिने तुमच्याबद्दल लिहिलं होतं..."

"हेच तर! जो तो मले म्हनते, वाईट लिहेल आहे. काय लिहेल आहे, ते कोनी सांगत नाही. मले वाचता येत नाही." त्या वैजयंतीकडे वळल्या. "तू लिहेल आहे ना? तूच वाच."

वैजयंतीने सरांकडे पाहिलं. सर टेबलावरच्या नारळाकडे बघत होते. शेवटी तिने फोन हातात घेतला.

"'हिला संघात घ्या. मैदान सारवायला वेगळी बाई लागायची नाही.'"

"मंग खरंच आहे," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी सारवते. चांगलं सारवते. अजून?"

वैजयंतीने अंगठ्याने पुढची ओळ वर सरकवली. "'फक्त... फक्त हिच्या शेजारी बसू नका. शेणाचा वास येतो.'"

कोकिळाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते पदरात घेतले.

"हे लिहिलं तवा तू रडत होती का हसत होती?"

"हसत."

"मंग हसत वाच ना."

वैजयंतीने फोन टेबलावर पालथा ठेवला. मित्रांनो, मी जंगलात कुऱ्हाड सोसली आहे, पण त्या क्षणी मला जे झालं ते कुऱ्हाडीनेही झालं नव्हतं. माझी लाडकी पोर होती ती, आणि तिची कीव करावी की तिच्यावर रागवावं, हे मला कळेना. दोन्ही होत होतं.

सर ज्योत्स्नाजवळ गेले. "तुला हे कधी कळलं?"

"मले तवाच माहीत होतं, सर. तिनं लिहिलं त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर तवा कोनाले काढलं असतं? हिले का मले?" ती सरळ सरांकडे बघत होती. "मले खेळायचं होतं."

पायांच्या आवाजावरून मी एकेक मुलगी ओळखतो, अशी माझी घमेंड! आणि ही पोर इतकी वर्षं त्याच हाताचा खो पाठीवर घेत माझ्यासमोर बसत होती, मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

"तो फिर बोल ना," गोटू पुढे सरसावला. "निकाल दें?"

"तू पहिले माझ्या मायचा फोटो फोनातून मिटव," ज्योत्स्ना म्हणाली. "समदे मिटवा."

वर झालेले फोन खाली आले. गोटूने मान खाली घातली आणि त्याचा अंगठा बराच वेळ चालत राहिला. त्याने तो किती जणांना पाठवला होता कोण जाणे.

मग ती सरांना म्हणाली, "औंदा तिले नका नेऊ, सर. मले लई लागलं होतं. काही झालंच नाही असं मी म्हननार नाही. पन पुढच्या साली न्या. पुढच्या साली कोनी हे परत काढलं, तर मी भांडीन त्याच्याशी."

कोणाचंच समाधान झालं नाही. गोटूला शिक्षा थोडी वाटली, अलकाबाईंना फार. सरांनी तिथूनच समितीला फोन लावला. कोकिळाबाईंनी शाल घडी करून टेबलावर ठेवली. नारळ मात्र फोडायला लावला, पोरी उपाशी आहेत म्हणाल्या. माझ्या गळ्यातला फलक निघाला तेव्हा मला मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैजयंती आली नाही. त्यानंतरही नाही. मला वाटलं, संपलं. राज्याचा संघ निघायची वेळ जवळ आली, तेव्हा एका सकाळी ती आली. ज्योत्स्नाला सरावाला भिडू कमी पडत होते. वैजयंती कोणाशी न बोलता ओळीत जाऊन बसली. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. ज्योत्स्ना धावत तिच्या मागे आली आणि थबकली. सरांनी शिट्टी तोंडाला लावली होती, ती वाजवली नाही. मग ज्योत्स्नाने तिच्या पाठीवर हात मारला, चांगला जोरात, आणि ओरडली, "खो!"

वैजयंती उठली आणि धावली.

मित्रांनो, हल्ली मॅट आली, खांबही नवे आले. माझे दिवस भरत आले आहेत. वर्षातून एकदा तेल लावा, शेळ्या बांधू नका, एवढंच माझं मागणं होतं. आता आणखी एक मागतो. एखाद्याची चूक जुनी झाली, सोडून द्या, असं म्हणाल तेव्हा, किंवा तिच्यासाठी त्याला मैदानाबाहेर काढायला निघाल तेव्हा, ज्याला ती लागली त्याला आधी विचारा. ती जुनी झाली की नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.