बाबा गेले ना

मधुमतीबाई कानिटकर विमा कंपनीतून निवृत्त झाल्या आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली. लेह झालं, अंदमान झालं, व्हिएतनामही झालं, आणि सगळं एकटीनं. कुणी बरोबर आलं की त्याची चप्पल तुटते नाहीतर त्याला ॲसिडिटी होते, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे सिंगापूरला लेकाकडे आल्यावर आठव्या दिवशी सून वल्लरी म्हणाली, "आई, शनिवार आहे, तुम्ही आज दिवसभर मस्त हिंडून या, परतायची घाई करू नका," तेव्हा खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते खटकलं. सासूला घराबाहेर काढायची एवढी हौस कशाला, हो?

घरात काहीतरी शिजत होतं, हे नक्की. लेक श्रीनिवास सोमवारी ऑफिसच्या कामाला जकार्ताला गेला, तेव्हापासून त्याचा एक फोन नाही. नुसते मेसेज. 'क्लायंटकडे आहे, नंतर बोलतो.' ते नंतर काही उजाडत नव्हतं. नातू अथर्व, वय वर्षं अठरा, कॉलेजच्या कॅम्पला गेलाय म्हणे, आणि त्यालाही फोन करायचा नाही. वल्लरी बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर बोलायची आणि डोळे सुजवून बाहेर यायची. विचारलं की म्हणायची, "एसीनं होतं, आई." एसीनं डोळे सुजतात हे मधुमतीबाईंनी सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं.

मरो ते, म्हणून त्या निघाल्या. बुकित पंजांगहून आधी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, मग बस, बेटाचं पार दुसरं टोक, आणि तिथून पुलाउ उबीन या छोट्या बेटाची होडी. बारा माणसं जमल्याशिवाय होडीवाला हलत नाही म्हटल्यावर त्यांना एकदम सांगलीचं वडाप आठवलं आणि बरं वाटलं. उबीनला पत्र्याची जुनी घरं पाहिली, शहाळं प्यायल्या आणि बाकावर बसून डबा उघडला. तर झुडपातून एक रानडुक्कर आलं, पोळ्यांची पिशवी तोंडात धरली आणि शांतपणे चालतं झालं. एवढ्या शिस्तीच्या देशात भरदिवसा दरोडा. मधुमतीबाई आ वासून बघत राहिल्या. ही गोष्ट श्रीनिवासला रंगवून सांगायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

परत येऊन त्या पासिर रिस स्टेशनात शिरल्या. गाडी उभीच होती. आत पाऊल टाकलं तर समोरच्या बाकावर अथर्व.

आधी त्यांनी ओळखलाच नाही. रापलेला, गालफडं बसलेली, अंगात पांढरा टीशर्ट, मांडीवर भली मोठी बॅग. आणि डोकं भादरलेलं. वर चार-पाच दिवसांचे खुंट.

मुलगा डोकं कधी भादरतो, हे सांगलीच्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या घरात शेवटचं डोकं भादरलं होतं ते श्रीनिवासचं, त्याचे वडील वारले तेव्हा. मधुमतीबाईंनी मनाशी दिवस मोजले. सोमवारपासून पाच. पाच दिवस आवाज नाही, आणि मेसेज काय, कुणीही करतं. वल्लरीचे सुजलेले डोळे आत्ता कुठे त्यांना नीट दिसले.

त्या त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अथर्वनं मान वर केली आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आजी? तू इथे कशी?"

"तुझे बाबा कुठेयत?"

आता हे पोर इंग्रजी शाळेत वाढलेलं. त्याचं मराठी म्हणजे जेवायला ये, झोपायला जा एवढंच.

"बाबा गेले ना, आजी," तो म्हणाला. "मंडेला. ममा म्हणाली, तुला काही सांगायचं नाही. सॉरी."

मराठीत माणूस बाजारातही जातो आणि कायमचाही जातो, तेव्हा 'गेले' हा शब्द असा मोकळा सोडून द्यायचा नसतो, एवढं तरी त्याच्या आईबापांनी त्याला शिकवायला हवं होतं. नव्हतं शिकवलं.

अथर्वनं धरलं म्हणून मधुमतीबाई बाकावर बसल्या, नाहीतर खालीच कोसळत्या. गाडी सुटली. त्यांना रडूही येईना.

"शेवटचं तोंडसुद्धा दाखवलं नाहीत मला," त्या म्हणाल्या. "आई आहे रे मी त्याची."

"कुणाचं तोंड?"

"माझ्या श्रीनिवासचं. तू डोकं केलंस, सगळं उरकलंत, आणि मला म्हणे हिंडून या."

अथर्वनं डोक्यावरून हात फिरवला. त्याला कशाचा पत्ता लागेना. "हे? हे आर्मीत करतात, आजी. एनएस, नॅशनल सर्व्हिस. इथे मुलांना जावंच लागतं, दोन वर्षं. सगळ्यांना बोटाक, टकलू करतात. आज माझी पहिली सुट्टी. ममा म्हणाली, आजी दिवसभर बाहेर आहे, तरी युनिफॉर्म बदलून ये, तिला बाबा स्वतः सांगणारेत."

आर्मी, सुट्टी, युनिफॉर्म. शब्द कानावर पडत होते, पण मन ते घेईना. पोराला पढवून ठेवलंय, एवढंच त्यांना वाटलं.

"फोन लाव त्याला," त्या म्हणाल्या. "मेसेज नको. मला आवाज ऐकव."

अथर्वनं लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दोन स्टेशनं गेली. इतकी वर्षं त्या एकट्या हिंडल्या, पण एकटं म्हणजे काय ते त्या दोन स्टेशनांत त्यांना कळलं. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"अथर्व, क्लायंटबरोबर आहे रे. घरी पोचलास का?"

तोच आवाज. लहानपणापासूनचा, कायम सर्दी झाल्यासारखा. मधुमतीबाईंनी फोन ओढून घेतला. "श्रीनिवास?"

"हॅलो? कोण, आई?" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो घाईघाईनं बोलू लागला. "आई, ऐक, मी सांगणारच होतो गं. माझं एनडीएचं पत्र आलं होतं तेव्हा तू चार दिवस अन्न सोडलं होतंस, म्हणून धीर झाला नाही. आम्ही इथले पीआर, कायमचे रहिवासी आहोत, त्याला पाठवावंच लागलं. फोनवर तुझ्याशी खोटं बोलता येत नाही मला, म्हणून टाळत होतो. काय बोलायचं ते बोल."

एरवी त्यांनी त्याला उभा सोलला असता. आत्ता राग शोधूनही सापडेना.

"बोल ना, आई. लढाईवर नाही गेलाय तो. एवढं काय झालं?"

"त्याचं डोकं बघितलं मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि तो म्हणाला, बाबा गेले."

पलीकडे श्रीनिवासचा आवाज ठिकाणावर राहिला नाही.

"आई, मी आहे," तो म्हणाला. "मी आहे, आई."

तेव्हा कुठे मधुमतीबाईंना रडू फुटलं. भर गाडीत, मोठ्यानं, नातवाचं खरखरीत डोकं छातीशी धरून त्या रडत राहिल्या, आणि फोनमधून तो तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.