ड्रमची झोप

धुलाईखान्यातलं मोठं मशीन थांबलं की भरदुपारसुद्धा पेंगायला लागायची. वाफेत सगळं पांढुरकं व्हायचं, टांगलेल्या चादरी आपल्याच नादात हलायच्या आणि मशीन चालवणाऱ्या तिला घरी सासूबाईंपाशी झोपलेल्या सात महिन्यांच्या लेकीचा दुधाळ वास नाकाशी जाणवायचा.

आज ड्रमच्या आत, पत्र्याच्या फटीत एक चादर अडकली होती. ड्रम चांगला माणूस आत मावेल एवढा. आत शिरून चादर कापून काढायला फिटरकाका आले. मुख्य स्विच खाली, त्यावर काकांचं कुलूप, शेजारी तिचं. आपापली किल्ली आपापल्या खिशात. मग तिने चालू करायचं बटण दाबून पाहिलं. मशीन ढिम्म.

"अजून एकदा दाब की," काका म्हणाले. "तीनदा झाल्याशिवाय बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडत नाही."

तिने खरंच दाबलं. पलीकडे इस्त्रीवाली फिसकन हसली. झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरून ही श्वास बघते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात धोक्याची शंका येऊन तिने दोनदा काम थांबवलं होतं आणि दोन्ही वेळा काही म्हणजे काही निघालं नव्हतं. तेव्हापासून येता-जाता फिरकी.

"काका, दांडा?" ड्रमला अडवायचा लोखंडी दांडा भिंतीला टेकून उभाच होता.

"पाच मिनिटांचं काम गं. वीज बंद, वर दोन-दोन कुलपं. आता हा काय स्वप्नात फिरणार?" म्हणत काकांनी एक पाय आत टाकला.

तिने दांड्याचा हट्ट सोडला. तिसऱ्यांदा हसं करून घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. ड्रमच्या दाराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. टप्. फरशीच्या सांध्यावर. टप्. सांध्यावरच. रात्रभराच्या जागरणाने तिचे डोळे मिटू लागले. टप्.

थेंब सांध्याच्या बोटभर अलीकडे पडला.

लेक अशीच करायची. निपचित पडलेली, झोपली म्हणून पाठ फिरवावी, तर हळूच कूस बदललेली. तिने कान दिला. कुठून तरी बारीक सुस्कारा येत होता. ब्रेक हवेच्या दाबावर धरलेला, ती हवा निसटत होती; आणि ओल्या चादरींचा जड गठ्ठा ड्रमच्या वरच्या अंगाला चिकटलेला, खाली यायला टपलेला.

"काका, पाय काढा."

"अगं, आता काय..."

"आधी काढा! मग हसा हवं तेवढं."

काकांनी वैतागून पाय बाहेर घेतला. काहीच झालं नाही. इस्त्रीवालीने मान वर करून पाहिलं. "झालं समाधान?" काकांनी विचारलं.

आणि ड्रमने कूस बदलली. जड, सावकाश, आवाज न करता. दार खाली जाऊन फरशीकडे तोंड करून थांबलं, आत गठ्ठा धप्पकन आदळला. मघाशी काकांचा पाय होता तिथे आता बोट शिरायलाही जागा नव्हती.

कुणी हसलं नाही. काकांनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग हातचाक फिरवून त्यांनी दार जागेवर आणलं, दांडा उचलला आणि पार आतपर्यंत सारला.

दारापाशी मात्र ते थबकले. "बघ गं पोरी, नीट झोपलाय का?"

तिने ड्रमच्या थंड अंगावर तळवा ठेवला आणि थेंबाकडे पाहिलं. टप्. त्याच जागी. टप्. त्याच जागी.

"जा आता, काका."

"थांब," काका हळूच म्हणाले. "अजून एकदा."