दगाजींचं खाकरणं

आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या आधी पाटी आली. 'शांतता राखा.' पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, खास शहाद्याहून रंगवून आणलेली. कपाटं यायची होती, पुस्तकं यायची होती, ग्रंथपालाचा पत्ता नव्हता, पण शांतता भिंतीवर ठोकून झाली होती. कमिटीचे अध्यक्ष माझे सासरे, दगाजी पाटील. त्यांना त्या पाटीचं फार कौतुक. असणारच. घरात हेच काम ते पाटीशिवाय चालवत होते.

आमच्यात सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही. तोंडावर पदर ओढायचा आणि गप्प राहायचं, त्याला लाज म्हणतात. सासरे घरात शिरताना उंबऱ्याबाहेर एकदा खाकरतात. ते ऐकू आलं की बायांनी वाक्य असेल तिथं तोडायचं आणि आत व्हायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून दगाजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. तापीवर विजेचे पंप आले, केळीच्या बागा आल्या, चावडीत रेडिओ आला. खाकरणं मात्र आजोबा-पणजोबांचंच राहिलं.

वाचनालयाला सरकारी मान्यता हवी तर शिकलेला ग्रंथपाल पाहिजे, असं वरून कळलं. दगाजींच्या मनात त्यांचा पुतण्या उखा होता. उखा मॅट्रिकला इतक्यांदा बसला होता की पास व्हायचं राहूनच गेलं. ग्रंथपालांच्या वर्गाला तर मॅट्रिक पासच लागे. गावात तसं शिल्लक राहिलेलं माणूस म्हणजे मी, सरला, माहेर नंदुरबारचं. तेव्हा या शहाण्या मंडळींनी काय ठरवावं? वर्गाला सरला जाईल, प्रमाणपत्र सरला आणील आणि खुर्चीवर उखा बसेल. माझा नवरा रूपचंद या बेताला हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याचं मत असं कधी बाहेर येतच नाही.

मला ती खुर्ची हवी होती. आढेवेढे कशाला घेऊ? हवी होती. माणसानं यावं, काय हवं ते सांगावं, मी ते कपाटातून काढून द्यावं. एवढ्यासाठी मी वर्गाला गेले, उखाला बसवायला नव्हे.

बासष्टच्या थंडीत नंदुरबारला एका शाळेच्या खोलीत वर्ग भरला. मी माहेरी राहून जात असे. गुरुजी धुळ्याहून यायचे. उद्याच्या ग्रंथपालानं नव्या यंत्रांशी मैत्री केली पाहिजे, असं ते रोज सांगत. यंत्र एकच होतं, टेपरेकॉर्डर. त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर कुंकवाचं बोट. त्याला कुणी हात लावायचा नाही. आम्ही लांब बसून त्याची आकृती काढली, भागांची नावं पाठ केली आणि मैत्री झाली. गुरुजी स्वतः त्यात "हॅलो, हॅलो" म्हणत आणि परत लावून स्वतःचंच ऐकताना डोळे मिटून घेत. शेजारच्या मैदानात मिरच्या वाळत घातलेल्या, त्यामुळे सगळा वर्ग खोकत असे. गुरुजींच्या "हॅलो"च्या मागं आमचा खोकला टेपवर येई. तिथं खोकल्याला काही अर्थ नव्हता, कुणी उठून आत जात नव्हतं. मला त्याचं इतकं बरं वाटे की नाकातोंडात जाणारा तो मिरचीचा तिखट वासही गोड लागे.

शेवटी प्रात्यक्षिक आलं. प्रत्येकानं आपापल्या गावी कमिटीपुढं या यंत्रावरून पुस्तकांची ओळख करून द्यायची, गुरुजी येऊन गुण देणार. दगाजींनी लगेच मान डोलावली. यंत्र बोलणार म्हणजे सून बोलणार नाही, ती आत बसेल, बटणं उखा दाबेल. हे यंत्र रेडिओचाच भाऊ आणि त्यातून मुंबईचा कुणी गृहस्थ बोलेल, अशी त्यांची समजूत. मी खुलासा केला नाही. खुलासा करायला तोंड उघडावं लागतं.

गुरुजींनी यंत्र माझ्या हवाली करताना लेक सासरी पाठवावी तसं तोंड केलं. दुपारी घरात पुरुष नसताना मी ते लावून पाहिलं, तर आधी गुरुजींचाच "हॅलो" खणखणीत बाहेर आला. माझ्या सासूबाई अनुसयाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी झटकन यंत्राकडं पाठ केली आणि हनुवटीपर्यंत पदर ओढला. मी हसून हसून लोळले. मग त्याही हसल्या, पण पदर काही वर केला नाही. परका पुरुष तो परका पुरुष, डब्यात असला म्हणून काय झालं! ते पुसून मी माझ्या आवाजात बोलले, अगदी सावकाश. प्रवासाची पुस्तकं, आरोग्याची, बागायतीची. कुठलं कुणाच्या कामाचं, तेही सांगितलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वाचनालयात, नव्यानं आलेल्या पुस्तकांच्या कपाटांपुढं, कमिटी धुतलेल्या टोप्या घालून बसली. दगाजी मधे, गुरुजी खुर्चीवर. पाटीच्या खाली टेबल, टेबलावर यंत्र. मी मागच्या खोलीच्या दाराआड पदर ओढून उभी, सासूबाई माझ्या शेजारी. उखानं बटण दाबलं आणि भर सभेत माझा आवाज सुरू झाला.

आधी कुणाला कळेना. मग रूपचंदनं मान खाली घातली आणि सगळ्यांना कळलं. दगाजी ताठ झाले. ते खाकरले.

यंत्र बोलतच राहिलं. ते पुन्हा खाकरले, जरा जोरात. यंत्र आरोग्याच्या पुस्तकांवर आलं. आता ते तिसऱ्यांदा खाकरले आणि यंत्राकडं असे पाहत राहिले, जणू ते उठून आत जाईल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खाकरण्यानं बाईचा आवाज थांबला नव्हता. उठून जावं तर समोर धुळ्याचा पाहुणा. बिचारे अडकले! सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता, त्या भीतीनं थरथरत होत्या की हसण्यानं ते मला आजही ठाऊक नाही.

मग बागायतीच्या पुस्तकांचं निघालं, केळीवरच्या रोगांचं. दगाजींचं खाकरणं थांबलं. ते पुढं वाकले. त्यांची अर्धी बाग त्या महिन्यात रोगानं धरली होती आणि औषध कुणी सांगत नव्हतं. टेप संपली, चक्री नुसतीच फडफडत फिरू लागली.

दगाजी यंत्राला म्हणाले, "मन्ह्या केळी पिवळ्या पडी ऱ्हायन्यात. पुस्तकम्हा काही शे का?"

यंत्र फडफडत होतं. अख्खी कमिटी माना पुढं करून उत्तराची वाट पाहत बसली. उखानं सगळी बटणं दाबून पाहिली, मग वायर हलवली, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. गुरुजी रुमालानं कपाळ पुसत राहिले. यंत्राला प्रश्न विचारला तर काय करायचं, हे त्यांच्या आकृतीत नव्हतं.

मला उत्तर माहीत होतं. पण मला राग आला होता. या लोकांना माझा आवाज चालतो, मी चालत नाही. मी सासूबाईंचा हात सोडवला आणि दाराबाहेर आले. पदर होता तसाच ठेवला.

"शे. दुसऱ्या कपाटम्हा शे. मी काढी देस."

दगाजी खाकरले. सवयच ती. मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, पान उघडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि काय फवारायचं ते वाचून दाखवलं. मधे ते आणखी एकदा खाकरले. मी ओळ पुरी केली.

मग दगाजींनी टेबलाखालच्या पुतण्याला विचारलं, "उखा, तुले हाई सापडतं का?"

उखानं वर पाहिलं, कपाटाकडं पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

"मंग खुर्चीवर तिलेच बठू दे," दगाजी म्हणाले. तोंड असं, जणू कडू औषध घेतलंय.

गुरुजींनी मला काठावर पास केलं. गुण का कापले तेही लिहिलं: उमेदवारानं ऐन वेळी यंत्र सोडून तोंडाचा वापर केला. पुढच्या वर्गांना ते माझा दाखला देत असतील, काय करू नये याचा.

वाचनालय रीतसर उघडलं. मी खुर्चीवर बसले. सकाळीच दारात चपला वाजल्या आणि पाठोपाठ ते ओळखीचं खाकरणं आलं. मी जिथल्या तिथं राहिले. दगाजी उंबऱ्यावर थांबले होते, मी उठून आत जाण्याची वाट पाहत. ते दुसऱ्यांदा खाकरले.

मी पदर सावरला आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं बोट केलं.

त्यांनी ती पाटी वाचली. स्वतःच रंगवून आणलेली, तरी सावकाश वाचली. मग चपला काढल्या, आवाज न करता आत आले आणि बाकावर बसले.